अडीच एमएमची तार

३ मे, सकाळी
नात प्रेरणा पुण्यावरनं भोंगवलीला आली. संगं काचेची नळी, हवा काढायचा पंप, मीटर. नळीतली हवा काढून करंट सोडला की आत गुलाबी उजेड पडतो. त्याला म्हणं प्लाझ्मा. त्यात किती करंट हाय ते तार घालून मोजायचं. तारेला म्हणायचं प्रोब. १२ तारखेला सरांना आकडे दिले तर पीएचडीला जागा, न्हाईतर न्हाई. केवढा थाट! म्या चौतीस वर्षं वायरमन. लक्ष घालणार.

५ मे
तार केसावाणी. आकडा येतो मुंगीच्या मुताएवढा. म्हणलं, जाड घाल. तर म्हणती, आजोबा, जाड तार घातली की तीच सगळा करंट ओढती, प्लाझ्मा बिघडतो. शिकलेल्यांना सबबी लई.
बायको मंगल म्हणाली, तुमी मिक्सर दुरुस्त केलात तवापासनं मी पाट्यावर वाटती. दुर्लक्ष केलं.

६ मे
हात लावणार न्हाई असा प्रेरणाला शब्द दिला. माझा शब्द म्हंजी शब्द.

८ मे
पोरगी दिवसभर तेच करती. व्होल्टेज जरा वाढव, आकडा लिव्ह. परत वाढव, परत लिव्ह. चार दिवस गेले. अक्कल न्हाई.

९ मे, दुपारी २
प्रेरणा पंपाचं ऑइल आणायला एसटीनं भोरला. हात लावला न्हाई. पक्कड लावली. जुनी तार ओढली, मोडली. मालच हलका. अडीच एमएमची तांब्याची घातली, फट ग्रीसनं बुजवली. स्विच मारला. काटा सटकन टोकाला! चौतीस वर्षांचा अनुभव. उजेड पडलाच न्हाई, पण आपल्याला आकडा पायजे, उजेड कशाला?

२.३०
स्विच बंद केला. काटा अजून टोकालाच. मजबूत काम.

५ वाजता
प्रेरणा आली. वरडली न्हाई. खालीच बसली. म्हणाली, प्रोब काचेत बसवून मिळायला महिना लागलावता. मीटर कॉलेजचं, तेबी जळलं. म्हणलं, एवढा करंट तुला जन्मात घावला नसता. आभार न्हाईत. नवी पिढी.

१२ मे
सरांनी जागा शेफाली नावाच्या पोरीला दिली. म्या म्हणलं, सुटलीस. मंगलनं माझं ताट मांडलं, वाढलं न्हाई. इसरली असंल.

१३ मे, सकाळी
प्रेरणाला सरांचा फोन, स्पीकरवर. सामान परत कवा आणती. मग इचारलं, घरी कोण कोण असतं? म्हणाली, आजी. सर म्हणले, आणि? म्हणाली, बस, आजीच.
म्या समोर, हातभर अंतरावर, चहा पीत.
हितं रेंज लई खराब. मधले शब्द तुटतात.