डाव्या पायाचा साडेसात

पिटकार्डी, ८ मे १९७४

चि. स्ट्रूअन यास थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी तू पर्थची बस गाठायला इतक्या घाईने निघालास की इशबेलसाठी बांधून ठेवलेला जिंजरब्रेड गल्ल्यापाशीच राहिला. तो मी आणि दुकानातल्या पेगीने दोन दिवसांत संपवला. तुझ्या बायकोची माफी मागते, पण खोटं कशाला सांगू, छान झाला होता.

एकोणचाळिसाव्या वर्षी तुझी जिल्ह्याच्या गोल्फ संघात निवड व्हावी, आणि सरावाला अख्खा संघ आपल्याच गावच्या मैदानावर यावा! बाबा असते तर दुकान बंद करून तुझ्या मागे मागे फिरले असते.

आपल्या दुकानातून नेलेले नवे बूट रोज संध्याकाळी बागेत तासभर घालत जा. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हाच खरं माप कळतं. खेळताना घालतोस तेच लोकरी मोजे घाल. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, त्याहून जास्त नको. उतारावर उभा राहा आणि फटका मारल्यासारखा वळून बघ. टाच बुटात उचलली जात असेल तर तळाला कितीही खिळे असले तरी उपयोग नाही. उजव्याची मला चिंता नाही. डाव्यात दोन मोजे घाल.

शनिवारी दुकानात तुझ्या संघासमोर, कर्णधार गिरकस्टसाहेबांसमोर, मी जरा थट्टा केली. पेगीला ओरडून सांगितलं की माझ्या भावाला नऊ नंबरचा एक जोड आण आणि साडेसातचा एक, उरलेले दोन बूट गिरकस्टसाहेबांना देऊ. सगळे हसले, तूही हसलास. मग म्हणालास की नऊचा एकच जोड पुरे. रागावला नाहीस ना? लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
रोना


पर्थ, १४ मे १९७४

ती. रोनाताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचले. बूट उत्तम आहेत. इशबेलची प्रकृती चांगली आहे. शाळेत परीक्षा जवळ आल्यामुळे सवड नाही. पंचवीस तारखेच्या सामन्याला तू मुद्दाम येण्याची तसदी घेऊ नयेस, दुकान असते.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

स्ट्रूअन गेडिस


पिटकार्डी, २९ मे १९७४

चि. स्ट्रूअन यास आशीर्वाद. वि. वि.

आज बुधवार, अर्धा दिवस दुकान बंद असतं, म्हणून टेबलाशी बसले आहे. तीन कागद फाडले.

डंडीच्या पेपरात एकच ओळ होती, की शेवटच्या भोकावर गेडिस घसरला आणि सामना एका फटक्याने गेला. ती ओळ मी उभ्यानेच वाचली आणि आत जाऊन बसले. पेगीने विचारलं तर डोकं दुखतंय म्हटलं.

स्ट्रूअन, तू चार वर्षांचा असताना पोलिओ झाला आणि तुझा डावा पाय मागे राहिला. बाबांनी जन्मभर तुला दोन जोडांतून एक जोड करून दिला, आणि तोही मागच्या खोलीत, पडदा ओढून. मापाची पट्टी धरायला मी असायचे. पडदा का ओढायचा हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, कारण मला ते कळतं असं त्यांना वाटायचं. कळतही होतं. तरी त्या दिवशी दुकान भरलेलं बघून, गिरकस्टसारखा बडा धान्यव्यापारी माझ्या बाकावर बसलेला बघून, मला मोठं व्हायचं होतं. ही बाई मजेशीर आहे असं त्यांनी म्हणावं म्हणून मी तुझा पाय वापरला.

आणि याहून वाईट पुढेच आहे. एकच जोड दे म्हणालास तेव्हा तुझे कान लाल झालेले मला दिसले होते. नऊच्या बुटात तुझी डावी टाच टिकणार नाही हे मला, पंचवीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला, पक्कं ठाऊक होतं. परक्या गिऱ्हाइकालाही मी तो बूट दिला नसता. तुला दिला, कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून. नाही म्हटलं असतं तर त्या सगळ्यांसमोर माझी थट्टा मलाच गिळावी लागली असती.

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. लोभ मागायला तोंड नाही.

रोना


पर्थ, ४ जून १९७४

ती. रोनाताईस सा. न. वि. वि.

इशबेल म्हणाली, उत्तर दिल्याशिवाय जेवायला वाढणार नाही. ती गमतीत म्हणाली, पण मी लिहायला बसलो.

पेपराने जे लिहिलं नाही ते सांगतो. सामना बरोबरीत होता. चेंडू वाळूच्या टेकाडाच्या उतारावर होता आणि समुद्रावरून धुकं आल्याने गवत ओलं होतं. डाव्यात मी दोन नाही, तीन मोजे घातले होते आणि पुढे कागदाचा बोळा कोंबला होता. फटका मारताना भार डाव्या पायावर आला, बूट जमिनीत रुतून राहिला आणि पाय बाहेर आला. मी मागे बसलो. बोळा गवतावर पडला. शंभरेक माणसं होती. एक बाई धावत आली आणि तो बोळा उचलून माझ्या हातात देऊ लागली. त्याऐवजी तिने मला हाणलं असतं तरी चाललं असतं.

तुझ्यावर राग होता, तो आजही थोडा आहे. पण माझं तोंडही स्वच्छ नाही. गिरकस्टने विचारलं हे काय, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो की बहिणीच्या दुकानातून घेतले, तिने चुकीचं माप दिलं. पायाबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्या दिवशीची तुझी थट्टा ही नुसती थट्टाच होती असं ते समजून आहेत. गिरकस्ट तिथेच म्हणाला, गेडिसच्या दुकानात यापुढे आपला कुणी पाय ठेवणार नाही. मी मान हलवली. बाबांच्या नावाचं दुकान, आणि मी मान हलवली.

परवा क्लबात जाऊन त्याला खरं सांगणार आहे. जमलं नाही तर तेही कळवीन.

लोभ उरला असेल तर राहू दे.

स्ट्रूअन


पिटकार्डी, ८ जून १९७४

चि. स्ट्रूअन यास आशीर्वाद. वि. वि.

सामन्यानंतरच्या सोमवारीच आपल्या मैदानावरच्या शिक्षकाने मला सांगितलं होतं, की आता सभासदांना बुटांसाठी डंडीला पाठवावं लागेल, आणि असं का तेही सांगितलं. म्हणजे मागचं पत्र लिहिताना मला ठाऊक होतं. मुद्दामच लिहिलं नाही. तक्रार करायला माझ्यापाशी जागा कुठे होती?

काल गिरकस्ट स्वतः आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. म्हणाला, तुमच्या भावाने क्लबात माझ्यासमोर बूट काढला, मोजा मात्र त्याला काढवेना, तेव्हा मीच म्हटलं राहू द्या, समजलं. मग म्हणाला, बाई, त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो. मी त्याला माझं काय चुकलं ते सांगितलं, पट्टी आणि पडद्यासकट. जाताना नुसती मान लववली. पुढे इथे कुणी येईल की नाही, कोण जाणे.

तू ये. कधी येशील ते तू ठरव. हवं तर बुधवारी दुपारी, दुकान बंद असताना. पेगीला घरी पाठवीन. नऊचा आणि साडेसातचा, दोन्ही जोड काढून ठेवते, पण माप नव्याने घेईन. इतक्या वर्षांत पाय बदलला असेल, आणि मी तो नीट बघितलेला नाही.

रोना


पर्थ, १३ जून १९७४

ती. रोनाताईस सा. न. वि. वि.

शनिवारी भर गर्दीत येऊन बसावं असं दोन दिवस मनात घोळत होतं. इशबेललाही तसं सांगून टाकलं. पण मला ते जमणार नाही. त्यांना सांगून टाकलं म्हणजे लाज जाईल असं वाटलं होतं, ती गेलेली नाही. क्लबात आता सगळे माझ्याशी फार जपून बोलतात, त्याचीही लाजच वाटते. तेव्हा बुधवारच बरा. मागच्या दाराने येईन. काचेवरचे पडदे ओढलेले असू देत.

आणखी एक. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण इशबेलने माझा डावा पाय उजेडात कधी पाहिलेला नाही. मी दिवा घालवल्याशिवाय मोजा काढत नाही आणि तिने कधी विचारलं नाही. काल मी तिला विचारलं, बुधवारी माझ्याबरोबर येशील का. तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं आणि विचारलं, किती वाजताची बस आहे.

आम्ही दोघं दोनपर्यंत पोचू. पट्टी कशी धरायची ते तिला दाखव.

तुझा लोभ इच्छिणारा,
स्ट्रूअन