चंद्रावर निघालेला देवचार

तीर्थरूप आईस,

अंधेरीहून तुझ्या दीप्तीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवते वेळेवर. तुझा गुडघा काय म्हणतो?

आमची मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, झकास चाललीय. त्यात एकोणीसशे साठ साली माणसांआधी भुतंच चंद्राकडे निघतात. रशिया चेटकीण पाठवते, आपण कोकणातला, गावाची राखण करणारा देवचार. त्याला श्वास लागत नाही ना, म्हणून. तो मी काढते.

आमचा संपादक मिहिर मुलुंडचा, गोडबोल्या. पण परवा म्हणाला, "दीप्ती, उडण्याआधी देवचार यानावर थाप मारून 'चल रे झिला' म्हणतो, असं घे ना." मी दचकलेच. बाबा होडीला तसंच, पोटच्या पोराला म्हणावं तसं म्हणायचे, शेवटच्या खेपेलाही म्हणाले होते. इथे मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

"कुठून सुचलं रे?"

"असंच, यार."

मग पोस्टर आलं. त्यावर कथा मिहिरची, चित्रंही त्याचीच! मी सगळ्यांसमोर विचारलं, "माझं नाव?"

"अगं, छपाईची चूक."

"मग ती सुधारेपर्यंत पुढची पानं मिळणार नाहीत."

आज नवं पोस्टर लागलं. माझं नाव बारीक आहे, पण आहे.

आई, खरं सांग, त्याने तुला फोन केला होता ना? मी रागावले नाही गं. बाबांबद्दल आणखी काय काय विचारलं, तेवढं कळव. देवचाराला चेहरा मी बाबांचा दिलाय. ते तरी त्याला सांगू नकोस.

तुझीच,
दीप्ती