सवतीचा टाक आणि रोमचा दागिना

ती. दौलतरावदादांच्या पायांशी केनवडाहून जगदेवचा दंडवत. आपल्या गुडघ्यांना आराम पडला असेल. इकडे सारे खुशाल, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. पुढले वाचून ते आपणच खोडावे.

बाशीमच्या पाद्रीसाहेबांकडे मी लॅटिन शिकायला जात असे, हे आपल्याला ठाऊकच आहे (रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, असे तेव्हा आपणच म्हणाला होता). पदरात एकच शब्द पडला : मोनिले. म्हणजे गळ्यातला दागिना. संस्कृतातली मन्या, म्हणजे मान, तिच्याशी त्याचे नाते, असे साहेब सांगत. आणि रोमचे लोक हा शब्द बाईच्या हारालाही वापरीत अन् घोड्याच्या माळेलाही. ही विद्या मी ओसरीवर येईल त्याला पाजली. आत चतुरा ऐकते आहे, याचे भान राहिले नाही.

आपली बहीण पंचफुला गेली आणि तिच्या जागी चतुरा आली, तेव्हापासून रिवाजाप्रमाणे पंचफुलेच्या रूपाचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात होता (मेलेल्या सवतीने छळू नये म्हणून). पोळ्याला तिने तो काढून ढवळ्या बैलाच्या गळ्यात बांधला. मी ओरडलो, तर म्हणाली, "तुमीच सांगून राह्यले होते ना, बाईचं अन् जनावराचं एकच असते म्हून? मंग घालू द्या त्याले. मायी मान दुखून राह्यली."

ढवळ्या वाजंत्र्याला बुजला आणि तोरण तोडून नाल्यात घुसला. बैल परत आला, टाक आला नाही. तेव्हापासून चतुरेला ताप आहे. काढे झाले, अंगारे झाले. गाव म्हणते, पंचफुला तिला न्यायला आली. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टी मानीत नाही. पण दादा, मी फार भ्यालो आहे.

नवा टाक घडवायला रिसोडला खेमा सोनाराकडे गेलो. त्याने विचारले, "बाईचा चेहरा कसा होता, लांब का गोल?" मला लॅटिन आठवले. तिचा चेहरा काही केल्या आठवेना. इतक्या वर्षांचा संसार, आणि मी टाक न घडवताच परत आलो.

आपला,
जगदेव

ता. क. गुडघे दुखत असले तरी कारंज्याहून निघावे आणि सोनाराला बहिणीचा चेहरा सांगावा. ती आपल्याच तोंडावळ्याची होती म्हणतात. नुसते समोर बसलात तरी भागेल. मिशांचे मी त्याला समजावीन.

पुन्हा ता. क. चतुरेला हे वाचून दाखवले. पडल्या पडल्या म्हणाली, "दादाले लिवा, येऊनच राह्यले तर मायाबी चेहरा पाहून ठेवा म्हना. पुढच्या बाईच्या टाकाले लागन."