शेजारच्या खाटेवरची बडी

३ जून
पोचले एकदाची पुण्याजवळच्या मोशीला. जिंतूरहून निघताना आईचा चेहरा एवढुसा झाला होता. घरी आम्ही दोघीच. मी मात्र मिशा नसताना मिशांना पीळ देत होते! खडकवासल्याच्या अकादमीत आता मुलीही अधिकारी व्हायला जातात, तिथल्या प्रवेशपरीक्षेची तयारी इथल्या निवासी वर्गात करून घेतात. आमचे हिंदुराव सर निवृत्त सुभेदार, मूळचे इथलेच. त्यांचा फौजी नियम असा की प्रत्येकीला एक बडी, म्हणजे जोडीदारीण. जेवण, धावणं, शिक्षा, सगळं दोघींनी मिळून. जोड्या लागल्या आणि मी एकटी उरले. सर म्हणाले, "तुझी बडी येनार हाय. तवर तिची बी खाट तूच लावायची." लावली, अगदी एक सुरकुती न ठेवता.

१० जून
सगळ्या आपापल्या बडीशीच बोलतात. माझ्या वाट्याला भिंत. फोन फक्त रविवारी. फार एकटं वाटतं. आज वेड्यासारखी त्या रिकाम्या खाटेशी बोलत बसले, आईबद्दल सगळं सांगून टाकलं. बरं वाटलं.

१९ जून
बडीची खाट विस्कटलेली सापडली. शिक्षा दोघींना, म्हणून तिच्याही वाट्याच्या फेऱ्या मीच मारल्या. खरं तर राग यायला हवा होता. पण आपलंही कुणीतरी आहे, असं वाटून जीव सुखावला.

२७ जून
हजेरीत माझ्या नावाचा, मिनल म्हणून पुकारा झाला आणि ओ आली. आवाज माझाच. पण मी तोंड उघडलंच नव्हतं. सरांना सांगितलं, तर म्हणाले की चला, जोडी जमली म्हणायची.

३० जून, रविवार
आईला फोन केला. ती म्हणाली, मिनल आत्ताच तर बोलली माझ्याशी. मग तिनेच विचारलं, आपण कोण? मी रडत म्हटलं, मला घरी ने, आई, मी— तिने फोन ठेवला.

५ जुलै
ताट एकच वाढतात. बडीपुढे. तिचा चेहरा माझाच.
मुलींना मी दिसत नाही. नको मला वर्दी. फक्त आई—

७ जुलै
आई आलीय. भेटीच्या खोलीत बडीला पुढ्यात बसवून केसांना तेल लावतेय. मी इथेच, दारात, अगदी जवळ. हाका मारतेय. आईने मान वर केली— ओळखलं, मला वाटलं—
म्हणाली, इथे फार गार लागतंय गं.
उठून तिने माझ्या तोंडावर दार ला—