तिसरा पंखा

प्रिय वहीवाली,

दोन वर्षांपूर्वी, त्या शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी एक आकडा टाइप केला, एंटर दाबलं, आणि माझं सगळं तिथेच बदललं. तू समजतेस तो क्षण हा नव्हे. तुला वाटतं, सोमवारी सरांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून मी बाहेर पडलो, तो. सगळ्यांनाच तसं वाटतं आणि दोन वर्षं मी ते वाटू दिलं.

परवा तुझी ताई बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आली होती. उद्याची तुझी मुलाखत तिच्याकडूनच कळली, आपल्याच लॅबमधल्या जागेसाठी, आणि समोर आपले लॅबवाले सर बसणार आहेत. ‘ते जुनं प्रकरण अजून तिच्या फायलीत आहे रे, रात्रंदिवस त्याचीच धास्ती घेतलीये तिनं,’ असं म्हणून ती माझ्याकडे अशा मायेनं बघत होती की मी मान खाली घालून लॅपटॉपचे स्क्रू मोजत बसलो. तिच्या लेखी मी अजून तुझी बाजू घेणारा शूर गडी आहे ना!

आपला तो जुना मदरबोर्ड आठवतो? कोपऱ्यातल्या तुझ्या मशीनमधला, ज्याच्यावरच्या चिपची माहिती कंपनी कुणाला देत नव्हती. करंगळीच्या नखाएवढी चिप. ती मशीनचा ताप बघते, पंख्यांचे फेरे मोजते आणि आपण आकडा दिला की पंखा हळू किंवा जोरात करते. पण मशीनला तिच्याशी बोलायला लावणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नव्हता, मग आपणच लिहायला बसलो. तू पेन्सिलीची रबराची बाजू पंख्याच्या मधोमध अलगद टेकवायचीस, पंखा मंद व्हायचा, आणि मी पडद्यावरच्या दोनशे छप्पन आकड्यांत डोळे घालून शोधायचो, कुठला पडला. सापडला की तू वहीत लिहायचीस, हिरव्या शाईनं. तापाचा आकडा कुठला ते कळावं म्हणून तू घरून केस वाळवायचं यंत्र आणलंस, आणि शिपाईमामा दारातून डोकावून म्हणाले की आता लॅबमध्ये पार्लर उघडलंत वाटतं. त्या दिवशी तू इतकी हसलीस की गरम हवा माझ्या कानावर लागली आणि मी ‘भाजलं’ म्हणून ओरडायलाही विसरलो. इथे ते लिहिताना कान अजून गरम होतो, हे खरं सांगतो.

तूच मला शिकवलंस की चालत्या पंख्याचा आकडा कधी स्थिर नसतो, दोन-चारनं मागेपुढे होतोच. जो अजिबात हलत नाही तो पंख्याचा नव्हे. तिसऱ्या पंख्याचं तर तू चौकट करून लिहिलं होतंस: याचं उलटं आहे, आकडा वाढवला की पंखा मंदावतो, हात लावू नये, सोमवारी तपासू. तो पंखा डिस्कांवर वारा घालायचा. त्याच डिस्कांवर तुझी चार महिन्यांची मोजमापं होती. जोडीला ठेवलेली प्रतही त्याच मशीनमध्ये, दुसऱ्या डिस्कवर.

शुक्रवारी आपलं भांडण झालं. कारण काय, तर तू त्या उंच सीनियरबरोबर चहाला गेलीस. आत्या म्हणते, माझं डोकं तापलं की दुधाचं पातेलं बरं, त्याला निदान उतू जायला वेळ लागतो. शनिवारी तुझा फोन लागेना. बाहेर ऊन मी म्हणत होतं, लॅबचा एसी शनिवारी बंद असतो, तुझं मशीन आत चालू. मला वाटलं, आता असं काही करून दाखवावं की हिला आपली किंमत कळेल. घरूनच, तुझ्याच पासवर्डनं आत शिरलो. आपला ड्रायव्हर अर्धवट, म्हणून तयार मिळणारा एक लावला; तो ही चिप ओळखत नव्हता. मी त्याला जबरदस्तीनं एक दुसरंच नाव सांगितलं, मिळत्याजुळत्या चिपचं. म्हटलं, भावंडंच असणार. तिन्ही पंखे पूर्ण वेगानं लावावेत म्हणून तिघांनाही सगळ्यात मोठा आकडा दिला. तिसऱ्याच्या नावापुढे दोन हजार चारशे फेरे दिसले. पाच मिनिटं बघत होतो. एकदाही हलले नाहीत. मी ते पाहिलं, वहीवाली. पाहिलं, आणि तुला सोमवारी ऐटीत कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत बसलो.

पंखा थांबलेला होता. सोमवारी बघितलं तर दोन्ही डिस्का तापून गेलेल्या.

सर मोठ्यानं बोलले नाहीत. लॉगिन तुझं आहे, किल्ली तुझ्याकडे आहे, एवढंच म्हणाले. तू म्हणालीस, मी नाही केलं सर. त्यांनी कागदावर ‘निष्काळजी’ लिहिलं. मी तुझ्या शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी भडकलो, सरांना वाटेल ते बोललो, ओळखपत्र आपटलं. वर्गात टाळ्या पडल्या म्हणे. फाटकापाशी तू धावत आलीस आणि विचारलंस, ‘माझ्यासाठी एवढं कशाला केलंस?’ आणि मी तसाच फाटकाबाहेर चालता झालो.

त्यानंतर मी तुझे फोन का उचलले नाहीत, ते हेच. तुला वाटलं असेल, तुझ्यामुळे शिक्षण बुडालं म्हणून राग धरला. तसं अजिबात नव्हतं. तुझा आवाज ऐकला की तो प्रश्न ऐकू यायचा. तुझं एक वर्ष वाया गेलं, तू परत पहिल्यापासून मोजलंस, हे मला लोकांकडून कळत राहिलं आणि मी इथे दुकानाच्या मागच्या खोलीत पंख्यांतली धूळ झटकत राहिलो. बाबा एकदाच म्हणाले, ‘कॉलेज सोडलंस, ठीक. पण ज्या कारणासाठी सोडलंस त्याची तुला लाज का वाटते रे?’ बापाला कसं कळतं कोण जाणे.

ड्रायव्हर मात्र सोडला नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना लिहीत गेलो. आता तो पंख्याला आकडा देण्याआधी हळूच थोडा बदलून बघतो, फेरे कुठल्या बाजूला जातात ते. उलटे गेले किंवा हललेच नाहीत तर हात मागे घेतो. ज्या लोकांकडे असे ड्रायव्हर जमा होतात तिथे पाठवला. तिथला तपासणारा, म्हातारा असावा, भलताच चिवट. त्यानं परत पाठवला: ही तपासणी का हवी, कारण लिही. मी लिहिलं, सुरक्षिततेसाठी. पुन्हा परत: कुठल्या मशीनवर, काय झालं, ते लिही. तीनदा परत आला. चौथ्यांदा चिडून सगळं लिहून टाकलं; तारीख, वेळ, कुणाचा पासवर्ड, कुणाचा हात. म्हाताऱ्यानं ‘आता कळलं’ एवढंच लिहून तो घेतला.

कधी न पाहिलेल्या माणसाला मी खरं सांगितलं आणि तुला नाही, हे लक्षात आल्यापासून जेवण गोड लागत नाहीये. म्हणून हे पत्र. माफी मागायला नव्हे. ती मागायची तर तुझ्यासमोर, आणि तू येऊ देशील तेव्हा. उद्या तू समितीपुढे बसण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, सरांकडून नको. हे वाटेत ताईच्या हातात देतो. तिथून सरांकडे, ते चारपर्यंत लॅबमध्ये असतात. त्यांच्यासाठी हीच हकीगत वेगळ्या कागदावर लिहून सही केली आहे, तुझ्या फायलीत लावायला. पोलिसांत देतील, हाकलतील, काय करायचं ते करोत. आवाज चढवणार नाही, एवढं मनाशी ठरवलंय. तुझ्यावर जीव होता, आहे, आणि त्याच्या जोरावर मी तुझं नाव खराब होऊ दिलं. सव्वातीन झाले. शर्ट बदललाय, कागद खिशात आहे. उठलोच. दार ओढून घेतो आणि निघतो.

तुझाच,
भडकू