मागच्या भिंतीपाशी बसलेली आई

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मटार सोलायला घेतले की तुमची घोडपदेवची बालवाडी डोळ्यांपुढे येते. चाळीतली तळमजल्याची खोली, पुढे मुलं आणि मागच्या भिंतीपाशी बसलेल्या त्यांच्या आया. नवीन मूल आलं की तुम्ही आईला सांगायचात, "घरचं काम घेवन ये नि मागे बस. तो स्वतः 'जा' म्हणेल तेव्हा जा." कुणी तांदूळ निवडतेय, कुणी लसूण सोलतेय. मुलं खेळता खेळता मागे वळून आई आहे ना ते बघतात आणि हळूहळू बघायचं विसरतात. मला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटायचा. मी नुकताच कोर्स करून तुमच्या हाताखाली आले होते, शिंगं फुटली होती मला.

एकदा तुम्ही दवाखान्यात गेला होतात. मी एका रडणाऱ्या मुलाच्या आईला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं तो गप्प झाला. तुम्ही आल्यावर मी ऐटीत सांगितलं. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. तो आपल्याच चपला छातीशी धरून कोपऱ्यात बसला होता. "अगो, हा रमला नाय," तुम्ही म्हणालात. "रडतो तोवर पोराला वाटतं, कोणतरी ऐकेल. आता त्याला तेवढंपण वाटत नाय." ओरडला असतात तर मी विसरले असते. तुम्ही हळू बोललात.

आणि तरीही आज दादरच्या माझ्या शाळेत पालकांना फाटकाच्या आत प्रवेश नाही. नियम माझाच. रडारड नको, शाळा बघायला येणाऱ्यांपुढे शोभा नको. 'थोडे दिवस रडतात, मग रमतात,' असं मी दरवर्षी पालकसभेत हसून सांगते. यंदा जूनमध्ये एका मुलीला आम्ही असंच आईच्या कमरेपासून सोडवून आत आणलं. काही दिवस रडली, मग गप्प झाली, आणि दिवाळी होऊन गेली तरी शाळेत तिच्या तोंडून शब्द नाही. घरी मात्र अखंड बडबड, असं आई सांगते. तिची टीचर मला म्हणाली, "मॅडम, काही त्रास नाही तिचा, एकदम सेटल झालीय." ते ऐकून मला स्वतःची लाज वाटली. त्या टीचरला कुणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलेलं होतं, बाई.

गेल्या सोमवारी तिच्या आईला मी मटार घेऊन बोलावलं, वर्गात मागे बसवलं आणि मीही शेजारी बसले. आधी मुलगी आईच्या मांडीवरून हलेना. काल तिनं माझ्या पुढ्यातली एक शेंग उघडली, बराच वेळ आत बघितलं आणि मला म्हणाली, "ह्याच्यात अळी आहे." आईला रडू फुटलं. मी ती अळी बघत बसले, कारण मान वर करवेना.

फाटकाचा नियम अजून तसाच आहे. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहवतंय. निघताना ती आई म्हणाली, "मॅडम, खूप छान मेथड आहे ही. नवीन आलीय का?" घोडपदेवच्या माझ्या बाईंची आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं.

मी म्हटलं, "हो, नवीनच."