पिशवीचा दुसरा जन्म

दि. १२, मंगळवार, दुपार

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. इथे सगळे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत?

या पत्राला पाच दिवस उशीर झाला, त्याचा दोष संपूर्णपणे बांबूच्या पेनांचा आहे. घरात अशी एकतीस पेनं आहेत. प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव कोरलेलं, सगळी पृथ्वीला वाचवणारी, आणि लिहिणारं एकही नाही. कंपन्यांना टिकाऊ भेटवस्तू पुरवणाऱ्या माणसाला शेवटी लेकीच्या दप्तरातून पेन चोरावं लागलं.

असो. पेनाचं निमित्त होतं, हे तू ओळखलं असशीलच.

त्या विमा कंपनीच्या पाचशे पिशव्या आठवतात ना, हॉटेलांच्या जुन्या चादरींच्या? 'या कापडाचा हा दुसरा जन्म' अशी चिठ्ठी मीच लिहिली होती आणि स्वतःवर भलताच खूश झालो होतो. तू तीनशे शिवून थांबलीस. "दुहेरी शिवण घालायची तर मुदतीत एवढ्याच होतील. पिशवी ओझं उचलायला असते, फोटो काढून घ्यायला नाही." मी चिडून उठलो. जाताना तुझी मोठी कात्री 'चुकून' माझ्यासोबत आली, असं मी तुला सांगितलं. चुकून नव्हती.

उरलेल्या दोनशे मी बाजारातून कोऱ्या आणल्या आणि चहाच्या पाण्यात उकळून, तीनदा धुऊन म्हाताऱ्या केल्या. ही बादलीत डोकावून म्हणाली, "दुसरा जन्म म्हणे! आधी पहिला तर जगू द्या तिला."

गेल्या गुरुवारी विमा कंपनीच्या खरेदी विभागातल्या बाईंचा फोन आला. बारा पिशव्यांचे बंद तुटले होते. एकीतली काचेची बरणी कुणाच्या पायावर पडून टाके पडले. बाईंनी विचारलं, "शिवल्या कोणी?"

ताई, मी म्हणालो, "बहिणीनं. वय झालंय तिचं, हात थरथरतो."

पुढच्या वर्षीचं काम त्या थेट शिवणारीलाच देणार होत्या, हे मीच तुला सांगितलं होतं. त्या भरवशावर तू नवं मशीन सांगून ठेवलंस, हे भाचीनं सांगितलं. म्हणून तुझे फोन उचलले नाहीत. फोन वाजला की मी न्हाणीघरात जाऊन उगाच नळ सोडून बसतो.

बाई येत्या शुक्रवारी इथे येणार होत्या. आज सकाळपर्यंत माझा बेत असा, की तुला बोलवावं आणि त्यांच्यासमोर तू नुसतं गप्प बसावंस. तू बसलीही असतीस. तेच सहन होईना.

तासाभरापूर्वी मीच फोन केला. सांगितलं, तुटल्या त्या सगळ्या एकेरी शिवणीच्या, मी बाजारातून आणलेल्या. दुहेरी शिवणीची एक तरी उसवून दाखवा. आणि हात थरथरतो तो माझा.

बाई म्हणाल्या, "तुमच्याशी आमचं काम संपलं. त्यांचा नंबर द्या."

दिला.

हवं तेवढं रागव. या वेळी फोन उचलेन.

सोबत तुझी कात्री पाठवतो आहे. धार लावून आणली. तूच शिवलेल्या पिशवीत घातली आहे, म्हणजे वाटेत पडणार नाही.

तुझा,
धाकटा